गिअरच्या हाताची जीभ

शहरातली निम्मी माणसं चढावर गाडी बंद पडली की स्वतःच्याच पायावर खेकसतात, "क्लच!" हे खेकसणं त्यांचं स्वतःचं नाही. ते त्यांना शिकवलेलं आहे आणि शिकवणारी बाई एकच. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी मिरवणारी छोटी पांढरी गाडी, स्टिअरिंगला मिठी मारून बसलेला कुणीतरी घामाघूम शिकाऊ, आणि त्याच्या डाव्या हाताला ठाण मांडून बसलेल्या क्लचमावशी. खरं नाव लायसन्सवर होतं, पण ते बघायची वेळ कुणावर आली नव्हती.

मावशींच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता. शिकवायच्या गाडीत तो असतोच. पण तो दाबणं मावशींना कमीपणाचं वाटे. "मी ब्रेक दाबला तर गाडी थांबेल, पण तू कुठे शिकशील?" त्यामुळे सगळा कारभार तोंडावर. "आरसा! आरशात बघ. भांग नाही बघायचा, मागचं बघ! क्लच! अरे, पाय आहे का खांब? गिअर असा टाकतात? मेल्या, त्या आजी रस्ता ओलांडतायत, त्यांना काय उडत जायला सांगू?" तोंडाचा पट्टा गाडी सुरू व्हायच्या आधी सुरू व्हायचा आणि गाडी बंद झाल्यावरही थोडा वेळ चालूच राहायचा. या बाईच्या जिभेला हाड नाही, असं लोक पाठीमागे बोलत, पण आपली मुलं शिकायला त्यांच्याकडेच पाठवत. मावशींच्या शेजारी बसून गाडी शिकलेला माणूस पुढे ट्रकच्या हॉर्नला दचकत नसे. त्याहून मोठा आवाज त्यानं कानाशी ऐकलेला असे.

घरी मात्र एक माणूस असा होता, की ज्याचा आवाज फारसा कुणी ऐकलाच नव्हता. मावशींचे यजमान वाचनालयात ग्रंथपाल होते. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसायचं आणि संध्याकाळी घरी यावं तर तिथे बोलायला जागाच शिल्लक नसायची. 'हं', 'बरं' आणि 'मीठ दे' एवढ्या भांडवलावर काकांनी अख्खा संसार केला.

मावशींची जीभ दुखायला लागली तेव्हा त्यांनी सगळा दोष एका दाढेला दिला. दाढेची कड तुटून धारदार झाली होती आणि जिभेच्या उजव्या बाजूला टोचत होती. तिथे एक जखम झाली होती, ती काही केल्या भरत नव्हती. शेवटी त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. हा डॉक्टर म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी. शिकताना एकाच फाटकाचा एकच खांब त्यानं दोनदा पाडला होता, म्हणून मावशींच्या चांगला लक्षात होता.

डॉक्टरनं छोटा आरसा तोंडात घातला आणि बघत राहिला. बघतच राहिला.

"आशात काय बघतोश एवढं?" मावशी आरशासकट बोलल्या. त्यानं आरसा बाहेर काढल्यावर वाक्य नीट पूर्ण केलं. "गाडीत एवढं आरशात बघितलं असतंस, तर खांब वाचला असता."

एरवी तो हसला असता. या वेळी हसला नाही.

"मावशी, ही जखम मला आवडत नाही. दाढ मी घासून देतो, पण याचा तुकडा काढून तपासायला हवा. लगेच."

"मी तंबाखू खात नाही, सुपारी खात नाही. मला काय होतंय?"

"न खाणाऱ्यांनाही होतं."

"बरं, बघू," मावशी म्हणाल्या, म्हणजे नाही. डॉक्टरनं फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. मग एका सकाळी तो थेट ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात येऊन उभा राहिला. "मावशी, रिव्हर्स पार्किंग पार विसरलोय. एक क्लास द्या."

मावशी खूश झाल्या. विसरणारच होता, खांबाला विचारा! गाडीत बसल्या. डॉक्टर गाडी चालवू लागला, आणि नवल म्हणजे चांगली चालवू लागला. दोन सिग्नल, एक पूल, मोठं फाटक. कॅन्सरच्या इस्पितळाच्या आवारात दोन मोटारींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यानं गाडी एका दमात मागे घेऊन लावली.

"बरोबर लागली?"

मावशींनी खिडकीतून दोन्ही बाजूंचं अंतर पाहिलं. खोटं बोलणं त्यांना जमेना. "लागली."

"मग उतरा. आत तुमचं नाव नोंदवलंय."

मावशी पट्टा सोडत म्हणाल्या, "फसवलंस. पण पार्किंग झकास केलंस हो."

तुकडा तपासला, आणि निघायचं तेच निघालं.

इस्पितळात मावशींच्या वाट्याला दोन सर्जन आले. एक कापणारे आणि एक शिवणारी, असं त्यांनी मनाशी सोपं करून ठेवलं. कापणारे डॉक्टर मोजकं बोलून गेले. शिवणारी डॉक्टर तरुण होती, लांब बोटांची. खुर्ची ओढून समोर बसली.

"जिभेची उजवी बाजू काढावी लागेल. जवळजवळ अर्धी."

"आणि उरलेली?"

"ती तुमचीच. पण ती तशीच शिवून टाकली तर तळाला ओढली जाईल, एका जागी चिकटून बसेल. घास फिरवता येणार नाही, शब्द फिरवता येणार नाही. म्हणून गेलेल्या भागाच्या जागी दुसरा तुकडा बसवायचा. तो स्वतः हलणार नाही, पण उरलेल्या जिभेला वळायला जागा राहील."

वळायला जागा लागते, हे मावशींना दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "तुकडा आणणार कुठून?"

डॉक्टरनं त्यांचा डावा हात हातात घेतला. "इथून, मनगटाच्या वरून. इथली कातडी पातळ असते, मऊ असते. तिच्यासोबत तिची रक्तवाहिनी घ्यायची आणि ती मानेतल्या रक्तवाहिनीला जोडायची. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं."

"हा माझा गिअरचा हात आहे."

"मग उजवा बघू का?"

"उजव्यानं मी शिकाऊंचं स्टिअरिंग खेचते. त्यावर लोकांचे जीव आहेत."

"म्हणजे गिअरचाच. हात नीट चालेल. त्या जागी मांडीची पातळ साल लावू."

"मांडीची हाताला, हाताची जिभेला. आणि मांडीला कुणाची?"

"मांडी आपली आपण भरते."

"बिचारी. तिच्या मागे रांगेत कुणीच नाही."

डॉक्टरनं त्यांना मूठ आवळायला लावली आणि मनगटावरच्या दोन्ही नाड्या अंगठ्यांनी दाबून धरल्या. मूठ उघडली तर तळहात पांढराफटक. मग एक अंगठा उचलला. बघता बघता तळहातावर लाली पसरली.

"हे काय केलंस?"

"मुख्य रस्ता मी नेणार आहे. नुसत्या बाजूच्या रस्त्यावर तुमचा हात चालेल का, ते बघितलं."

"बायपास आहे ना?"

"चांगला रुंद आहे."

मावशींचं समाधान झालं. मग त्यांनी बजावलं, "एक सांगते. त्यात हाड घालू नका. लोक म्हणतील, आता कुठे हिच्या जिभेला हाड आलं."

"हाड जबड्यांच्या पेशंटना घालतो आम्ही. पायातलं काढून."

"पायातलं? मग ती माणसं बोलता बोलता लाथ मारत असतील!"

डॉक्टर हसली, मावशीही हसल्या. दाराशी उभे असलेले काका हसले नाहीत. मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. एवढा हळू आवाज त्यांच्याकडे आहे, हे काकांनाही त्या दिवशी कळलं.

"बोलता येईल मला?"

"येईल," डॉक्टर म्हणाली. "पहिल्यासारखं नाही. पण समोरच्याला समजेल असं."

"आणि जोर?"

"जोराला काही होत नाही. जोर छातीतून येतो."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मावशी भरपूर बोलल्या. दुकान बंद करण्याआधी माल संपवावा तशा बोलल्या. दूधवाल्याशी, शेजारणीशी, फोनवरच्या कुठल्या तरी विमा विकणाऱ्याशी. तो बिचारा शेवटी स्वतःच फोन ठेवू का विचारायला लागला. काका दिवसभर मागे मागे होते. प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणत होते, एकही सांडू दिलं नाही.

ऑपरेशनला सकाळ, दुपार, संध्याकाळ लागली. मावशी जाग्या झाल्या तेव्हा गळ्यात श्वासाची नळी, नाकात जेवणाची नळी, डाव्या हाताला पांढरं जाडजूड बँडेज आणि तोंडात काहीतरी उशीएवढं मोठं. बोलायचा प्रश्नच नव्हता. उशाशी पुसता येणारी पाटी ठेवली होती. दर तासाला एक सिस्टर येई, तोंडात टॉर्च मारी आणि पेनासारखं एक यंत्र त्या नव्या तुकड्याला लावी. त्यातून वाहत्या रक्ताचा 'हुश्श हुश्श' असा आवाज आला की सिस्टर मान डोलावून जाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॉर्च मारल्यावर सिस्टरनं मान डोलावली नाही. तिनं बारीक सुईनं तुकड्याला टोचून पाहिलं. आलेलं रक्त काळपट होतं. ती धावतच गेली, आणि शिवणारी डॉक्टर धावतच आली.

"मावशी, तुकड्यात रक्त जातंय, पण परत फिरत नाहीये. शिरेत गुठळी झाली असावी. आत्ताच्या आत्ता पुन्हा आत न्यावं लागेल."

मावशींनी पाटी ओढली. लिहिलं, 'ट्रॅफिक जॅम?'

"हो."

मावशींनी पुसून पुन्हा लिहिलं, 'मग बोलत काय उभी?' आणि खाली दोन रेघा मारल्या.

गुठळी निघाली, शिरेला दुसरी वाट करून दिली, तुकडा पुन्हा गुलाबी झाला. पण तेवढ्या वेळात बाहेरच्या बाकावर काकांचं काय झालं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मावशींनी डोळे उघडले तेव्हा काका पलंगाशी बसून बोलत होते.

बोलत होते! मावशींना आधी वाटलं, भुलीचं औषध जास्त झालंय. पण काका खरोखरच बोलत होते. वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांत खुणेसाठी लोक काय काय ठेवून विसरतात ते सांगत होते. कंगवा. रिकामं पाकीट. एकदा एक मोजा, आणि गंमत म्हणजे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पुस्तकात त्याच्या जोडीचा. एक गृहस्थ रहस्यकथा वाचून झाली की पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवतात, आणि काका रोज ती नावं खोडरबरानं पुसतात. "पण मी एक करतो," काका खाली वाकून म्हणाले, "कधी कधी पुसून तिथे भलत्याचंच नाव लिहितो."

मावशींच्या पोटात हसू उसळलं आणि गळ्यातल्या नळीतून शिट्टीसारखा आवाज निघाला. सिस्टर धावत आली. मावशींनी तिला हातानं 'काही नाही' केलं आणि पाटीवर नवऱ्यासाठी लिहिलं, 'इतकी वर्षं हे कुठे होतं?'

काकांनी चष्मा काढून पुसला. "सांगणार होतो. तू वळण घेत होतीस."

त्यानंतर काका थांबलेच नाहीत. मावशी ऐकत राहिल्या. दुसरा इलाजच नव्हता, पण इलाज असता तरी त्यांनी ऐकलंच असतं.

सूज उतरल्यावर त्यांनी आरसा मागितला. डाव्या बाजूला आपली ओळखीची जीभ, उजव्या बाजूला एक फिकट, गुळगुळीत उपरी. आणि त्या उपरीवर एक आडवा, आणखीच फिकट पट्टा. मावशी घाबरल्या. पाटीवर लिहिलं, 'हे काय??'

डॉक्टरनं वाकून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "घड्याळाचा पट्टा, मावशी! तुमचा डावा हात इतकी वर्षं गाडीच्या खिडकीत उन्हात. पट्ट्याखालचं तेवढं गोरं राहिलं."

मावशींनी पुन्हा एकदा आरशात पाहिलं. मग सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तोंडाचा पट्टा, तोंडाचा पट्टा म्हणून लोक ओरडायचे. घ्या.'

ती पाटी सिस्टरनं पुसू दिली नाही. सगळ्या वॉर्डात फिरवून आणली.

घरी आल्यावर पुढचे दिवस मात्र विनोदाचे नव्हते. किरणांच्या उपचारांनी तोंड सोलून निघालं, थुंकी आटली, चव गेली. पाण्याचा घोटसुद्धा चुकून भलत्या वाटेला गेला की ठसका लागून डोळ्यांतून पाणी येई. पाण्यापेक्षा दाट पेज सोपी, पेजेपेक्षा कुस्करलेलं केळ सोपं, हे त्या एकेक घासानं शिकत गेल्या. त्यात त्या जिभेवरच्या कातडीला हातावरची बारीक लव होती, ती वाढायला लागली. "जिभेची दाढी करायची वेळ आली," असं त्यांनी लिहून दाखवलं. डॉक्टर म्हणाली, किरणांनी जाईल ती. गेली.

गळ्यातली नळी निघाली, बोलायची परवानगी मिळाली. मावशींनी पहिला फोन स्वतः उचलला. कुणीतरी क्लासची चौकशी करत होतं. मावशींनी उत्तर दिलं. पलीकडचा माणूस "सॉरी, राँग नंबर" म्हणून फोन ठेवून मोकळा झाला.

मावशींनी फोन खाली ठेवला आणि पाटी उचलली. आवाज होता, शब्दही थोडेफार होते, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. काका एकटेच बोलत राहिले, आणि त्यांनाही आता ते बोलणं जड जाऊ लागलं.

शेवटी काकांनीच त्यांना उच्चार शिकवणाऱ्या ताईकडे नेलं. ताई बारीक चणीची, बारीक आवाजाची. तिनं चित्रांचे पत्ते मांडले. "म्हणा, ससा."

मावशींनी मान हलवली.

"साखर म्हणा. सरडा?"

मावशींनी पाटीवर लिहिलं, 'मी आयुष्यात कुणाला सरडा म्हणाले नाही. मेल्या म्हणाले.'

ताईनं पत्ते गोळा करून खणात टाकले. "बरं. तुम्हाला कुठले शब्द लागतात ते सांगा. पण तोंडानं."

मावशी पाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "कवच."

ताईला कळलं नाही. मावशींनी डावा पाय जमिनीवर दाबून दाखवला.

"क्लच!" ताई म्हणाली. "बघा, 'क' आला, 'च' पण बराच आला. जिभेचा मागचा भाग शाबूत आहे तुमचा. 'ल'ला टोक वर लागतं, तिथे गडबड आहे. 'ल' जमत नसेल तर आपण दुसरा शब्द शोधू."

"कवच शोयू?" मावशी उसळल्या. क्लच सोडू? "मग माझं नाव काय वाहीय?"

नाव काय राहील! रागाच्या भरात सलग एवढं बोलून गेल्या आणि ताईला त्यातलं अक्षर न् अक्षर समजलं. ताईनं तो राग हेरून ठेवला. त्यानंतर दर वेळी ती मावशींना आधी थोडं चिडवायची आणि मग शिकवायची. प, ब, म ही ओठांची अक्षरं शाबूत होती, क, ग बऱ्यापैकी, बाकीच्यांची मोडतोड झाली होती. 'ब्रेक'चं 'बेक' झालं. 'थांब'चं 'आंब' झालं. 'मेल्या'चं 'मेया' झालं, आणि ते तर इतकं गोड लागे की शिवी दिल्यासारखं वाटेचना.

ही ताई स्वतः मात्र रोज उशिरा यायची. बस मिळाली नाही, बस भरलेली होती. एकदा मावशींनी विचारलं, "गायी नाही?"

"गाडी आहे. लायसन्स नाही. मला भीती वाटते हो गाडीची."

मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं, की ताईला त्याच क्षणी आपण काय बोलून बसलो ते कळलं.

पांढरी गाडी धूळ झटकून बाहेर निघाली. मावशी पुन्हा डाव्या सीटवर. शिकायला ताईच असल्यामुळे समजण्याची अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती, आणि ती एका मोठ्या चौकात उघडी पडली. समोर नगरपालिकेचा कचऱ्याचा ट्रक, मागे दुसरा ट्रक. मावशी ओरडल्या, "उयवीकये! उयवीकये!"

ताईचा चेहरा फुलला. "मावशी, 'व' किती स्वच्छ आला!"

"व नको ऐकू, वय!" उजवीकडे वळ!

"आणि शेवटचा स्वरसुद्धा..."

तोवर गाडी सरळ गेली होती. पुढचा ट्रक वळला तशी ताई घाबरून त्याच्या मागोमाग वळली, फाटकातून आत शिरली, आणि गाडी लोखंडी पत्र्यावर चढून थांबली. तो कचरा डेपोचा वजनकाटा होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, हलायला जागा नाही. शेजारच्या काचेच्या केबिनमधल्या माणसानं खिडकीत तोंड आणलं.

"माल काय आहे?"

मावशींनी ताईकडे पाहिलं. ताई काचेतून समोर बघत बसली. ओठ घट्ट मिटलेले. ती मुद्दाम गप्प आहे, हे मावशींना कळलं. मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला.

"माल काय म्हणतो मी!"

मावशींनी खिडकीची काच खाली केली, छातीत श्वास भरला आणि कडाडल्या, "भंगाय!"

"भंगार? भंगार पलीकडच्या काट्यावर." माणसानं कानात बोट घालून हलवलं. "आणि जरा हळू बोला की हो बाई! काचेच्या आत बसलोय, बहिरा नाही मी!"

मावशींनी काच वर केली. पुढचा ट्रक हलला, ताईनं गाडी काट्यावरून उतरवली आणि कडेला उभी केली. मावशींचे खांदे हलत होते. ताईला वाटलं, रडतायत. वाकून पाहिलं तर मावशी हसत होत्या.

"ओयखीचा नाही तो," त्या म्हणाल्या. "आयी हयू बोय म्हणाया." ओळखीचा नाही, आणि हळू बोल म्हणाला.

घरी येऊन त्यांनी हा प्रसंग काकांना स्वतःच्या तोंडानं सांगितला, पाटी न घेता. सांगायला वेळ लागला. काकांनी मध्ये एकदाही 'हं' म्हटलं नाही, कारण तेही हसत होते.

मग क्लास पुन्हा सुरू झाले. आधी जुन्या विद्यार्थ्यांच्या बायका आल्या, मग त्यांचे भाऊ. डावं-उजवं बोलताना घोटाळा होई, म्हणून मावशींनी ते दोन्ही शब्द मोडीतच काढले. त्यांच्या गाडीत आता दोनच दिशा आहेत, 'माझी बाजू' आणि तुझी. 'माझी' स्पष्ट येतं, आणि ते म्हटलं नाही की समजायचं, दुसरी. घाईच्या वेळी त्या डॅशबोर्डवर मूठ आपटतात. आणि पायाशी असलेला ब्रेक, जो दाबायची त्यांना लाज वाटे, तो त्या आता खुशाल दाबतात. "वोक वाचये पायजेत," म्हणतात. लोक वाचले पाहिजेत. नवीन मुलांना त्यांच्या रागाची भीती वाटत नाही, ही एक पंचाईत झाली आहे. 'मेया' ऐकून एका मुलीनं परवा वळून "काय गं मावशी?" असं लाडात विचारलं.

ताईची परीक्षा झाली तेव्हा मावशी मैदानाच्या कठड्याशी उभ्या होत्या. शेजारच्या सीटवर परीक्षक. चढावर ताईची गाडी बंद पडली, मागे घसरू लागली, आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात ताई स्वतःवरच खेकसली, "कवच!"

परीक्षकानं कागदावरून मान वर केली. "काय?"

"आमच्या क्लासमध्ये असंच म्हणतात, सर."

सरांनी नापास केलं. 'कवच'साठी नव्हे, घसरण्यासाठी. पुढच्या खेपेला ती पास झाली. आता गाडीनं येते आणि तरीही उशिरा येते, कारण पार्किंगला जागा मिळत नाही.

शिवणाऱ्या डॉक्टरकडे मावशी तपासणीला जातात. सगळं ठीक आहे, पुन्हा काही उगवलेलं नाही. डाव्या मनगटावर मांडीची साल थोडी चौकोनी दिसते. गिअर व्यवस्थित पडतो. काही गोष्टी मात्र गेल्या त्या गेल्या. शिट्टी वाजत नाही. पाकिटाला जीभ लावता येत नाही. कुरकुरीत काही खायचं तर आधी भिजवावं लागतं, आणि प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो. जेवण आटोपायला पूर्वीच्या दुप्पट वेळ जातो. तोंडात घास असताना बोलायचं नाही, अशी ताईची सक्त ताकीद आहे.

त्यामुळे जेवणाची वेळ काकांची. परवा ते एका वाचकाची गोष्ट सांगत होते, ज्यानं एकच पुस्तक अकरा वर्षांनी परत आणून दिलं आणि म्हणाला, शेवट काही पटला नाही. काका तिथे थांबले आणि सावकाश वरणाचं भांडं पुढे ओढून वाढून घ्यायला लागले.

मावशींनी घास गिळला, वर पाण्याचा घोट घेतला, आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाल्या, "मग?"

तो शब्द त्यांना अगदी स्वच्छ येतो.